जिथे कोणी थांबलं नाही

शनिवारी सकाळी मी एका बाईंची वरची कवळी घासायला घेतली होती आणि दर थोड्या वेळाने ती तशीच टेबलावर टाकून मागच्या खोलीत पळत होते. मागच्या खोलीत आमचं जग होतं. म्हणजे एक जुना कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या पोटात आम्ही वीसेक जणांनी तीन वर्षं खपून बांधलेलं खेळातलं जग. पडद्यावर एक हिरवी पट्टी होती. ती भरली की जगाची फाइल इंटरनेटवर चढली, आणि ती चढली की ज्याला त्याला घरी उतरवून घेता येणार होती. पट्टी पाऊण भरायची आणि मग कॉम्प्युटर म्हणायचा, जमलं नाही, पुन्हा करा. असं तो तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मीही त्याला काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.

मी दात बनवते. हे सांगितलं की लोक आधी माझ्याच तोंडात डोकावतात. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे साचे पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतते, मेणात दात मांडते, शिजवते, घासते, चकाकवते. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात घेऊन बसल्यावर संध्याकाळी माणसाला वेगळं काहीतरी बांधावंसं वाटतं. मला हा ठोकळ्यांचा खेळ सापडला. डोंगर ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, पाणीसुद्धा ठोकळ्यांचंच. तोडायचं आणि बांधायचं, बस. लॅबमधला जुना कॉम्प्युटर निकामी ठरला तेव्हा मी मालकांना म्हटलं, भंगारात घालण्यापेक्षा मला द्या. तेव्हापासून तो भट्टीच्या शेजारी आमचं जग सांभाळत बसला होता आणि मी त्या जगाची चावीवाली झाले होते.

पण जगही जुनं होतं. खेळाची नवी आवृत्ती आली होती, आणि आमच्या जगात चार माणसं एकदम शिरली की कॉम्प्युटरला धाप लागायची. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं: रविवारी दुपारी जुनं जग बंद, नवं कोरं जग सुरू, सगळे पुन्हा रिकाम्या हाताने. मात्र त्याआधी आमच्यात एक रीत आहे. जुनं जग वाटायचं. त्याची फाइल प्रत्येकाला द्यायची, म्हणजे आपलं घर, आपली बाग, आपला मनोरा ज्याच्या त्याच्याकडे कायमचा राहतो. पाहिजे तेव्हा एकट्याने जाऊन हिंडता येतं. आणि सगळ्यांनी ग्रुपवर ‘मिळालं’ असं लिहिल्याशिवाय नव्या जगाचं दार उघडायचं नाही. एकाचं जरी राहिलं तरी बाकीचे दाराबाहेर. ही रीत मीच घातली होती, आणि घातली तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती.

“पट्टी कुठवर आली?” बेकरीवाल्याने ग्रुपवर विचारलं. हा गडी पहाटे पाव भाजतो, दुपारी झोपतो आणि मधल्या वेळात माझा जीव खातो.

“येतेय,” मी लिहिलं.

“काल पण येतच होती.”

“तुझ्या भट्टीत ठेवू का? फुगून आपोआप वर येईल.”

त्यावर नर्सबाईंनी हसरे चेहरे टाकले आणि लगेच विचारलं, पण खरंच कधी होईल, माझी उद्या सकाळपासून ड्यूटी आहे. मग आणखी दोघांनी विचारलं. मग चौघांनी. मी फोन एप्रनच्या खिशात उलटा टाकला, तर तो मांडीवर थरथरत राहिला.

कवळी परत हातात घेते तोच ताईचा फोन आला.

“झालं का गं तुझं?”

“नाही.”

“तुझे दाजी सकाळपासून खुर्ची पुसून बसलेत. चष्मा चारदा धुतला. म्हटलं आंघोळ तरी उरकून घ्या, तर म्हणतात, तेवढ्यात धाकटी आली म्हणजे? मी म्हटलं, आली तर काय परत जाणार आहे का ती?”

“उद्या सकाळी डिस्क घेऊन येते म्हणून सांग त्यांना.”

“सांगितलं. तरी बसलेत.” मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डावीकडून आणखी आत आलंय म्हणाले.”

आत आलंय म्हणजे अंधार. दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, उभा जन्म लांब पल्ल्याची बस चालवली. मग त्यांची नजर कडेकडेने जायला लागली. समोरचं दिसतं, बाजूचं नाही, आणि डावीकडचं तर मुळीच नाही. एकदा थांब्यावरून बस काढताना डावीकडचा खांब दिसला नाही. कोणाला लागलं नाही, पण दाजी त्या दिवशी स्वतःहून चावी ठेवून घरी आले. मग घरात बसून राहिले. ताई म्हणायची, नुसते खिडकीतून बाहेरची वाहतूक मोजत असतात. तेव्हा मीच त्यांना या खेळात ओढलं होतं.

जगात आल्यावर प्रत्येक जण आधी घर बांधतो. दाजींनी घर बांधलंच नाही. त्यांनी विचारलं, इथून बेकरीवाल्याकडे जायचं कसं? मी म्हटलं, रान तुडवत. ते म्हणाले, असं कसं चालेल? आणि त्यांनी रस्ता घातला. बेकरीवाल्याच्या वाडीपासून नर्सबाईंच्या बंदरापर्यंत, बंदरापासून वकीलसाहेबांच्या गढीपर्यंत, डोंगर फोडून, दलदलीवर पूल टाकून, शेवटी जगाच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या दीपगृहापर्यंत. तीन वर्षं. दगडाचा रस्ता, दोन्ही कडांना दिवे, चढावर वळणं घेत नेलेला. घोडा उधळत सोडला तरी ठेच लागत नसे, असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणायचे आणि घोडे उधळत जायचे.

जग नवं करायचं ठरलं तेव्हा पहिला हात दाजींनीच वर केला होता. मला नंतर बाजूला घेऊन म्हणाले, “माझं काय, नव्या जगात माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही पोरं खेळा. मला फक्त माझा रस्ता दे. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा सावकाश चालून बघायचाय. बांधताना बघायला वेळ कुठे होता?” मी म्हटलं, देते की. ते म्हणाले, “दिसतंय तोवर दे.” हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, भाजी आण म्हणावं तसं.

तर शनिवारी दुपार होत आली, पट्टी चौथ्यांदा मागे आली, आणि माझं डोकं फिरलं.

उपाय मला माहीत होता. आमचं जग चौकोनी तुकड्यांचं असतं. कोणी पहिल्यांदा पाऊल टाकलं की तो तुकडा जन्माला येतो आणि फाइलमध्ये जाऊन बसतो. पुढे तिथे कोणी फिरको न फिरको, तो जागा अडवतो. आमच्यातले निम्मे उंडगे. खजिना शोधायला दाही दिशांना गेले आणि हात हलवत परत आले. त्यांच्या पावलांनी फाइल फुगली होती. यावर छाटणीचा एक प्रोग्रॅम असतो. प्रत्येक तुकड्याला आपल्यात माणसं एकूण किती वेळ होती ते आठवत असतं. प्रोग्रॅमला सांगायचं, अमुक वेळेपेक्षा कमी असेल तो तुकडा काढून टाक. जिथे लोक राहिले ते राहतं, जिथून नुसते गेले ते जातं.

शहाणा माणूस आधी एक प्रत बाजूला काढून ठेवतो. त्या कॉम्प्युटरवर दोन जगं मावत नव्हती. दाजींसाठी आणलेली कोरी डिस्क टेबलावर, दातांच्या डब्याशेजारीच पडली होती. पण तिच्यावर अख्खं जग उतरवायचं म्हणजे संध्याकाळ झाली असती, आणि ग्रुपवर माझ्या नावाने शिमगा चालला होता. मी म्हटलं, रिकामं रान तर जाणार, त्याची कसली प्रत?

दहा मिनिटांपेक्षा कमी ते काढ, म्हटलं. काढलं. फाइल उतरली, पण फारशी नाही. अर्धा तास म्हटलं. आणखी उतरली. तोवर मालक आत डोकावून म्हणाले, त्या बाईंची कवळी कुठवर आली, त्या सोमवारी लग्नाला जायच्यात. मी म्हटलं, होतेय, होतेय. आणि रागाने एक तास लिहिला. एका तासापेक्षा कमी ते सगळं काढ. एवढासा कॉम्प्युटर, पण झाडावरून पानं ओरबाडावीत तसा आवाज करत बसला. मग फाइल अशी सडपातळ झाली की मलाच हसू आलं.

चढवण्याआधी मी तपासलं बरं का. मी घाईची असेन, पण हलगर्जी नाही, असा माझा तेव्हा समज होता. चावीवालीला चालावं लागत नाही. नाव लिहिलं की ती थेट तिथे उभी राहते. बेकरीवाल्याची वाडी बघितली, आहे. नर्सबाईंचं बंदर, आहे, जहाजांसकट. वकीलसाहेबांची गढी, आहे. एकेक घर, एकेक गोठा, कोणाचा तरी भोपळ्यांचा मळा, शेवटचं दीपगृह, सगळं जागच्या जागी. तासाभरात फाइल इंटरनेटवर चढली. मी ग्रुपवर दुवा टाकला आणि त्या बाईंच्या कवळीला असं काही चकाकवलं की लग्नात नवरीपेक्षा त्याच दिसाव्यात.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकामागून एक येत राहिलं. मिळालं. मिळालं. माझी बाग तशीच आहे, मिळालं. वकीलसाहेबांनी आपल्या गढीच्या गच्चीवरून काढलेलं चित्र टाकलं. बेकरीवाल्याने लिहिलं, “मिळालं. तुझं तोंड गोड, हात गोड, सगळं गोड.” रात्री शेवटचा उंडगा जागा झाला आणि त्यानेही लिहिलं. राहिले फक्त दाजी. त्यांचं इंटरनेट म्हणजे थेंबथेंब नळ, म्हणून त्यांच्यासाठी मी फाइल डिस्कवर घेतली. ग्रुपवर लिहिलं, उद्या सकाळी दाजींकडे जाते, ते ‘मिळालं’ म्हणाले की दुपारी दार उघडते. नवं जग मी फोनवरूनही उघडू शकेन अशी सोय करून ठेवली होती.

रविवारी गेले तेव्हा दाजी खरोखरच खुर्चीत बसलेले होते. आंघोळ झालेली, इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, ड्यूटीवर निघाल्यासारखे. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून ताईने खिडकीला चादर लावली होती.

“चहा घे आधी,” ताई म्हणाली.

“आधी रस्ता,” दाजी म्हणाले.

मी डिस्क लावली. फाइल उतरायला वेळ लागत होता तोवर दाजी टेबलावर बोटांनी ताल धरत होते, आणि मी या पायावरून त्या पायावर. ताई आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, एक भांडं घासा तरी तेवढ्या वेळात. मग खेळ उघडला. दाजी बेकरीवाल्याच्या दारात उभे होते, जिथून रस्ता सुरू होतो. त्यांनी मान डावीकडे वळवून दुकान बघितलं, मग पुन्हा समोर बघितलं आणि चालायला लागले. घोडा होता, पण घेतला नाही.

वाडीच्या वेशीपर्यंत रस्ता होता. वेशीबाहेर गवत होतं.

दाजी थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. “धाकटे,” ते म्हणाले, “मला समोरचंही दिसेनासं झालं का?”

असं विचारलं त्यांनी. मी सगळं सहन केलं असतं, हे नाही. मी त्यांच्या हातातला माउस जवळजवळ हिसकावला आणि बंदरावर उडी मारली. बंदराच्या चौकात दगडी रस्ता होता, चौकाबाहेर नुसती झाडं. गढीच्या पायथ्याशी तेच. दीपगृहाशी तेच. वीस घरं वीस दिशांना उभी होती आणि मधे एकाला दुसऱ्याकडे न्यायला काहीसुद्धा नव्हतं.

काय झालं ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. मी त्या जगात कधी चाललेच नव्हते. तीन वर्षं नाव लिहून इकडून तिकडे उड्या मारत होते. चालले असते तर छाटणी करताना रस्ता आठवला असता.

“दाजी, तुमचे डोळे ठीक आहेत,” मी म्हटलं. “रस्ता नाहीये. मी पुसला.”

आणि सांगितलं सगळं. फाइल कशी चढत नव्हती, तुकडे, छाटणी, दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास. कोरी डिस्क समोर पडलेली होती तेही सांगितलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण माझ्या काखेत कळसाही होता आणि मी वळसा घालण्याचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते. सांगताना माझा आवाज चढत गेला, जसं काही मीच माझ्यावर ओरडत होते.

ताई दारात कपबशी घेऊन उभी होती. तिने ती टेबलावर ठेवली नाही, आपटली. “एक दिवस,” ती म्हणाली. “एक दिवस दम धरवला नाही तुला? लहानपणापासून हेच. भात शिजायच्या आत झाकण काढायचं. अगं, या माणसाने महिनाभर दुसरा विषय काढला नाही घरात.”

“परत आणता येतं का?” दाजींनी विचारलं.

मी ग्रुपवर लिहिलं: कोणाकडे जुन्या जगाची अख्खी प्रत आहे का, छाटण्याआधीची? दाजींचा रस्ता गेला माझ्या हातून. उत्तरं आली. नाही. नाही गं. आमच्याकडे तू दिलीस तीच. बेकरीवाल्याने लिहिलं, “रस्ता गेला? मी तर कालपासून हिंडतोय, मला काहीच कमी दिसलं नाही.” मग पाचेक मिनिटांनी त्यानेच लिहिलं, “मी घराबाहेर पडलोच नव्हतो.”

“नाही येत,” मी दाजींना सांगितलं.

त्यांनी मान हलवली. “पुसताना हिशोब काय लावलास म्हणालीस?”

“जिथे लोक तासाभरापेक्षा कमी थांबले ते सगळं.”

“मग बरोबर आहे,” दाजी म्हणाले. “रस्त्यावर कोण थांबतं? मीसुद्धा बांधत बांधत पुढेच सरकत होतो. थांबत नव्हते म्हणजे रस्ता बरा झाला होता.”

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच थोडं बरं वाटलं होतं, आणि त्यामुळे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताईने तोंड फिरवलं आणि पदर नाकाला लावला.

दाजींनी माझ्याकडून माउस परत घेतला आणि वाडीच्या वेशीवर येऊन उभे राहिले. मग गवतात पाऊल टाकलं. मी म्हटलं, दाजी, आता कशाला? ते चालतच राहिले. छाटलेल्या जागी पाऊल पडलं की ती जमीन पुन्हा जन्माला येते, पण अगदी पहिल्या दिवशी होती तशी, कोणाचा हात लागायच्या आधीची. दाजी चालत होते आणि समोर झाडं उगवत होती, तीन वर्षांपूर्वी त्यांनी तोडलेलीच झाडं.

“हा डोंगर मी फोडला होता,” ते एकदम म्हणाले. समोर डोंगर अख्खा उभा होता. “रोज थोडं थोडं पुढे सरकत बोगद्याला पूर्ण महिना गेला. आता बघ, काही झालंच नाही अशा थाटात बसलाय.” ते त्याला वळसा घालून गेले. पुढे दलदल. “इथे पूल होता. खाली पाय ठेवायला एकच जागा आहे, ती बघ, त्या वेताच्या बाजूला.” आणि पाय ठेवला तर खरंच तिथे घट्ट जमीन होती. ना दिवा, ना दगड, ना पाटी, आणि तरी ते एकदाही चुकले नाहीत. ताई हळूहळू त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तीन वर्षं या खेळाला तिने “तुमचा तो पोरखेळ” याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

माझा फोन थरथरायला लागला होता. दुपार झाली होती. वीस माणसं नव्या जगाच्या दाराशी जमली होती. कोणी उघड असं म्हणत नव्हतं, पण नर्सबाईंनी हळूच विचारलं होतं, दाजी कसे आहेत, आणि कोणी तरी नुसतं घड्याळ टाकलं होतं. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

“काय म्हणतात?” दाजींनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

“तुमचं ‘मिळालं’ राहिलंय. म्हणून खोळंबलेत.”

“मग लिही. मिळालं.”

“पण मिळालेलं नाहीये, दाजी.”

“लिही गं. एवढी माणसं उन्हात उभी करायची असतात का? बस भरली की हलवायची.”

मी लिहिलं, दाजी म्हणतात मिळालं. दार उघडलं. फोन एकदम शांत झाला, सगळे आत पळाले असणार. आणि तेव्हा मला रडू फुटलं. मी म्हटलं, दाजी, माझं चुकलं, मला माफ करा, मला स्वतःचा इतका राग आलाय की काय करू कळत नाही. माझ्या वयाला न शोभेल असं, नाक ओढत, मी टेबलाशी उभी राहून रडले.

“रड,” दाजी म्हणाले. “पण पडद्यासमोरून सरक. मला आधीच कमी दिसतं.”

ताई हसली, आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडली. मी सरकले. तेवढ्यात दाजी खुर्चीत पुढे वाकले.

पडद्यावर खोल दरी होती आणि दरीच्या कडेने दगडी रस्ता जात होता. दोन्ही बाजूंना दिवे लागलेले. सुरुवात नाही, शेवट नाही, मधूनच उगवलेला आणि एक वळण घेऊन मधेच संपलेला. जेमतेम अंगणाएवढा तुकडा.

“हा कसा राहिला?” ताईने विचारलं.

मला कळलं, पण सांगवेना. दाजींना माझ्याआधी कळलं होतं. ते हसायला लागले. असे हसले की त्यांना खोकला आला आणि ताईला पाठीवर थापटावं लागलं.

“हे ते फसलेलं वळण,” ते म्हणाले. “अगं, अख्ख्या रस्त्यात एवढंच एक वळण माझं चुकलं. फार अरुंद झालं. जो तो इथून घोड्यासकट खाली जायचा. मग दरीत उतरून आपलं सांडलेलं सामान गोळा करत बसायचा आणि मला शिव्या घालायचा. वकीलसाहेब तर एकदा अर्धा दिवस इथे होते.” त्यांनी डोळे पुसले. “तासच्या तास थांबलेत लोक इथे. चांगला केला तेवढा गेला. फसला तेवढा राहिला.”

शेजारच्या घरात कोणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता. दाजी त्या तुकड्यावर या टोकाकडून त्या टोकाकडे दोनदा गेले, दरीच्या बाजूला न जाता, डोंगराला चिकटून. मग त्यांनी डोंगराच्या अंगाचा दगड फोडायला घेतला. एक काढला, दुसरा काढला.

“काय करताय?” मी विचारलं.

“वळण रुंद करतो. तेव्हापासून राहून गेलंय.”

“दाजी, जग बंद झालंय. सगळे तिकडे नव्यात गेले. आता इथे कोण येणार आहे पडायला?”

“मी आहे की,” दाजी म्हणाले. “मला डावीकडचं दिसत नाही. रोज येणार मी इथे, आणि दरी डाव्या हाताला आहे. आधी त्या बाजूला कठडा घालू.”

त्यांनी उचललेला दगड घेऊन डावीकडे वळायला सुरुवात केली, अंदाजाने, आणि एक पाऊल जास्तच टाकलं. “थांबा, थांबा, कडा आली,” ताई म्हणाली. मग तिने स्वयंपाकघरातून स्टूल आणलं आणि त्यांच्या डाव्या बाजूला टाकून बसली.